विश्लेषण : प्रिंटर अचानक अगम्य अक्षरे का छापतो? कागदामागच्या कमांडची गोष्ट

दोन पानांचा अर्ज छापायला दिला आणि प्रिंटरमधून पानामागून पाने येऊ लागली. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात एखादी ओळ: टक्क्याचे चिन्ह, आकडे, ‘@पीजेएल’सारखी रोमन अक्षरे, मध्येच एखादे हसरे तोंड. बाकी पान कोरे. घाबरून बटण बंद केले, पुन्हा सुरू केले, तर उरलेली ३० पानेही तशीच. झेरॉक्सच्या दुकानात, महा-ई-सेवा केंद्रात किंवा कार्यालयात हा प्रसंग अनेकांनी अनुभवला असेल. ‘व्हायरस शिरला’ किंवा ‘प्रिंटर गेला’ हे त्यावरचे नेहमीचे निदान.

बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात. प्रिंटर ठणठणीत असतो. त्याला सांगितलेले त्याला कळलेले नसते, एवढेच. संगणकाने कामाचे हुकूम दिले, प्रिंटरने ते हुकूम न मानता मजकूर समजून छापून टाकले. हे हुकूम, म्हणजे ‘प्रिंटर कंट्रोल कमांड’, एरवी कुणाला दिसत नाहीत. कागद, टोनर आणि वेळ वाया जातो तेव्हाच त्यांचे अस्तित्व जाणवते.

प्रिंटरकडे नेमके काय जाते?

आपण पडद्यावर पान पाहतो, पण प्रिंटरकडे ‘पान’ जात नाही. जाते ती बाइटची सलग रांग. त्यातले काही बाइट म्हणजे छापायचा मजकूर आणि काही म्हणजे तो कसा छापायचा याच्या सूचना: कागद कोणता, अक्षर ठळक की साधे, ओळ कुठे संपली, पान कधी बाहेर टाकायचे. दोन्ही एकाच तारेतून, एकामागोमाग.

ही रांग तयार करतो तो ‘ड्रायव्हर’. तो दुभाष्या असतो. वर्ड किंवा ब्राउझरने सांगितलेले तो त्या विशिष्ट प्रिंटरच्या भाषेत बदलतो. ‘स्पूलर’ हा रांग सांभाळणारा. संगणक वेगवान, प्रिंटर मंद. म्हणून छापायची कामे स्पूलर डिस्कवर साठवतो आणि प्रिंटरला झेपेल तसतशी पुढे सरकवतो. पडद्यावर ‘प्रिंट क्यू’ नावाची जी खिडकी उघडते ती हीच रांग. शेजारच्या मॉडेलचा ड्रायव्हर चुकून निवडला गेला की दुभाष्या कानडीत बोलतो आणि ऐकणाऱ्याला फक्त गुजराती येते, अशी गत होते.

टाइपरायटर गेला, कमांड उरल्या

यातल्या सर्वांत जुन्या कमांड टाइपरायटरवरून आल्या आहेत. ओळ संपली की टायपिस्ट डावीकडची दांडी ढकलत असे. त्यात दोन कामे होत: कागदाचा गाडा पुन्हा सुरुवातीला जाई आणि कागद एक ओळ वर सरके. तारेवरून चालणाऱ्या टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांना दोन वेगळे संकेत मिळाले. ‘कॅरेज रिटर्न’ म्हणजे ओळीच्या आरंभी परत जा. ‘लाइन फीड’ म्हणजे एक ओळ खाली ये. १९६३ मध्ये अमेरिकेत ‘आस्की’ हे संकेतमानक आले. त्यात पहिल्याला क्रमांक १३ मिळाला आणि दुसऱ्याला १०. १२ क्रमांक ‘फॉर्म फीड’ला, म्हणजे हे पान संपव आणि नवे घे. सात क्रमांक चक्क घंटा वाजवण्यासाठी होता.

गाडे कधीच गेले, क्रमांक मात्र राहिले. विंडोज आजही साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ओळ संपवताना १३ आणि १० दोन्ही लिहिते. लिनक्स फक्त १० लिहिते. लिनक्सवरची अशी फाइल जुन्या पद्धतीच्या प्रिंटरला थेट पाठवली तर तो प्रत्येक वेळी एक ओळ खाली येतो, पण सुरुवातीला परत जात नाही. मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा उजवीकडे उतरत जातो आणि शेवटी कागदाबाहेर पडतो. हा दोष एवढा प्रसिद्ध आहे की इंग्रजीत त्याचे नावच जिन्यावरून पडले आहे.

२७ क्रमांकाचा चावीवाला

ओळ बदलणे, पान बदलणे एवढ्यावर भागत नव्हते. अक्षर ठळक करायचे, बारीक करायचे, तिरके करायचे तर नवे हुकूम हवे होते आणि आस्कीत जागा मोजकी होती. उपाय म्हणून २७ क्रमांकाचे ‘एस्केप’ हे चिन्ह वापरात आले. त्याचा अर्थ एवढाच की पुढे येणारे अक्षर मजकूर समजू नकोस, तो हुकूम आहे.

एप्सन या जपानी कंपनीने १९८० मध्ये आणलेल्या एमएक्स-८० या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या यशानंतर तिची कमांडची पद्धत, ‘ईएससी/पी’, जवळजवळ सगळ्यांनी उचलली. त्यात एस्केप आणि ‘ई’ म्हणजे ठळक अक्षरे सुरू, एस्केप आणि ‘एफ’ म्हणजे बंद. एस्केप आणि ‘@’ म्हणजे सगळे विसरून पहिल्यापासून सुरू कर. १५ क्रमांकाचा संकेत पाठवला की अक्षरे दाटीने बसतात. एरवी एका इंचात १० अक्षरे, म्हणजे आठ इंचांत ८० रकाने. दाटीने बसवली की इंचात सुमारे १७ आणि त्याच रुंदीत १३२ रकान्यांचा ताळेबंद मावतो. इंचातील अक्षरांच्या या मापाला ‘सीपीआय’ म्हणतात.

आडते, वाहतूकदार, औषधांचे घाऊक विक्रेते यांच्याकडे आजही करकर आवाज करणारे हे प्रिंटर दिसतात, ते हौसेपोटी नव्हे. डॉट मॅट्रिक्सची सुई कागदावर प्रत्यक्ष आपटते, म्हणून कार्बन लावून एका फटक्यात तीन-चार प्रती निघतात. लेझर किंवा इंकजेटला ते जमत नाही.

या दुकानांतली सर्वांत जुनी तक्रार म्हणजे बिल सरकते. पहिले बिल बरोबर, दुसरे इंचभर वर, तिसरे दोन इंच वर आणि मग छिद्रांची फाडायची रेघ थेट एकूण रकमेवरून जाते. कारण साधे आहे. आपल्याकडे कडेला भोके असलेला जोडकागद बहुधा १० × १२ किंवा १५ × १२ इंचांचा मिळतो. प्रिंटर मात्र अमेरिकेतील ११ इंची पानाचे गणित धरून बसलेला असतो. इंचाला सहा ओळी या हिशोबाने ११ इंचांत ६६ ओळी होतात आणि १२ इंचांत ७२. ‘एस्केप, सी, ७२’ एवढी एक कमांड बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरली किंवा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये पानाची लांबी १२ इंच केली की कागद जागेवर येतो. कित्येक जण वर्षानुवर्षे दर बिलानंतर हाताने चाक फिरवत राहतात.

बँकेच्या पासबुकात एका नोंदीवर दुसरी नोंद छापली जाते तिथेही असेच काहीसे घडलेले असते. मागच्या वेळी कितव्या ओळीवर थांबलो, हे सॉफ्टवेअर लक्षात ठेवते आणि प्रिंटरला तितक्या ओळी सोडायला सांगते. हा आकडा चुकला किंवा पासबुक थोडे तिरके सरकवले की नोंदींची खिचडी होते.

एक कमांड, दोन अर्थ

खरा गोंधळ भाषा अनेक झाल्यावर सुरू झाला. एचपीने १९८४ मध्ये लेझरजेट आणला. त्याची भाषा ‘प्रिंटर कमांड लँग्वेज’, म्हणजे पीसीएल. तिच्यातही एस्केप आणि ‘ई’ आहे. पण एप्सनच्या भाषेत ज्याचा अर्थ ‘ठळक छाप’ असा होतो, त्याचाच पीसीएलमधला अर्थ आहे ‘सगळी सेटिंग पुसून टाक’. शब्द एकच, अर्थ दोन टोकांचे.

त्याच सुमारास अडोबी कंपनीची ‘पोस्टस्क्रिप्ट’ आली आणि १९८५ च्या ॲपल लेझररायटरमधून सर्वत्र पोहोचली. ही नुसती कमांडची यादी नाही. ती पूर्ण प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. अक्षर ठिपक्यांनी न सांगता ती वक्ररेषांनी सांगते. त्यामुळे तीच फाइल कार्यालयातील ३०० डीपीआयच्या प्रिंटरवर आणि छापखान्यातील कितीतरी सूक्ष्म यंत्रावर आपापल्या क्षमतेनुसार उतरते. छपाईचे घरगुती युग, म्हणजे डीटीपी, या भाषेवर उभे राहिले. पीडीएफ हे तिचेच पुढचे भावंड, १९९३ चे.

आता सुरुवातीच्या अगम्य पानांकडे पाहता येईल. ‘@पीजेएल’ ही लेझर प्रिंटरला कामाच्या आरंभी दिली जाणारी सूचना असते: पुढचा मजकूर अमुक भाषेत आहे, त्याप्रमाणे तयार हो. ही सूचनाच जर कागदावर छापून आली तर प्रिंटरला ती भाषा येत नाही किंवा ड्रायव्हर चुकीचा आहे, असे समजावे. पानावर ‘%!पीएस’ अशा अर्थाची रोमन अक्षरे दिसली तर पोस्टस्क्रिप्ट न येणाऱ्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट पाठवली गेली आहे. हसरी तोंडे, पत्त्यांमधले बदाम-इस्पिक दिसले तर ती चित्राची माहिती आहे. प्रिंटरने तिचा एकेक बाइट अक्षर म्हणून छापला.

आणि मध्येच बटण बंद करणे हा उपाय नसून अनेकदा तेच कारण असते. काम अर्धे झालेले असताना प्रिंटर बंद केला की तो सुरुवातीची सूचना विसरतो. स्पूलर मात्र उरलेले अर्धे काम इमानदारीने पाठवतच राहतो. आरंभ हरवलेले ते अर्धे काम मग मजकूर म्हणून छापले जाते. म्हणून आधी कागदाचा ट्रे ओढून घ्यावा, मग संगणकावरच्या किंवा फोनवरच्या रांगेतून काम रद्द करावे, रांग रिकामी झाली याची खात्री करावी आणि त्यानंतर प्रिंटर बंद-चालू करावा. क्रम महत्त्वाचा.

मोबाइलवरून छापताना हा त्रास तुलनेने कमी होतो. ॲपलची एअरप्रिंट पद्धत २०१० मध्ये आली. अँड्रॉइडमध्ये छपाईची सोय २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून आहे. या पद्धतींत फोन आधी प्रिंटरलाच विचारतो: तुला कोणती भाषा येते, कागद कोणता आहे, दोन्ही बाजूंनी छापतोस का? उत्तर मिळाल्यावर त्याला समजेल अशा स्वरूपातच पान पाठवतो.

जो बोलेल त्याचे ऐकणारा

प्रिंटर आज्ञाधारक असतो, कधी कधी जरा जास्तच. नेटवर्कवरचे अनेक प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसलेले असतात. तिथे जे येईल ते, पाठवणारा कोण हे न विचारता, छापतात. २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस एका हॅकरने याचा फायदा घेतला. प्युडीपाय या स्वीडिश यूट्यूबरची तेव्हा आपल्याकडच्या टी-सीरिजशी सदस्यसंख्येची शर्यत सुरू होती. जगभरातील सुमारे ५० हजार प्रिंटरवर ‘प्युडीपायला सबस्क्राइब करा’ असा संदेश छापल्याचा दावा त्या हॅकरने केला. त्याने कोणाचे कुलूप तोडले नव्हते. ते प्रिंटर इंटरनेटवर सताड उघडे होते. कार्यालयाच्या राउटरवर हा पोर्ट बाहेरच्या जगाला बंद असावा आणि प्रिंटरचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदललेला असावा, एवढे पाहिले तरी पुरते.

डीपीआय, ए-फोर आणि ‘फिट टू पेज’

छपाईच्या शब्दांपैकी सर्वाधिक उच्चारला जाणारा आणि सर्वाधिक चुकीचा वापरला जाणारा शब्द म्हणजे डीपीआय: एका इंचात प्रिंटर किती ठिपके टाकू शकतो. ३०० डीपीआयवर ए-फोर पान म्हणजे २४८० × ३५०८, सुमारे ८७ लाख ठिपके. डीपीआय दुप्पट केला तर ठिपके चौपट होतात. 

ही प्रिंटरची क्षमता झाली. फोटोत मुळात किती पिक्सेल आहेत हा प्रश्न वेगळा. ३५ × ४५ मिमीचा फोटो ३०० च्या दर्जाने छापायला ४१३ × ५३१ पिक्सेल पुरतात. मेसेजमधून आलेला १६०० × १२०० चा फोटो त्यासाठी भरपूर आहे. पण तोच ए-फोरभर ताणला तर इंचाला जेमतेम १३७ पिक्सेल उरतात आणि जवळून पाहिले की चेहरा पसरट दिसतो. चौकातल्या फ्लेक्सवर नेत्यांचे चेहरे त्याहून कितीतरी कमी पिक्सेलमध्ये छापलेले असतात, पण ते पाहायचे असतात रस्त्यापलीकडून.

अक्षरांचे माप ‘पॉइंट’मध्ये असते. संगणकीय छपाईत ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. म्हणजे १२ पॉइंटच्या ओळी अंतर न सोडता लावल्या तर इंचात सहा बसतात. वरचा ६६ आणि ७२ ओळींचा हिशोब इथे जुळतो.

कागदाचा घोळ बहुधा अमेरिकी ‘लेटर’मुळे होतो. ए-फोर २१० × २९७ मिमी, लेटर २१६ × २७९ मिमी. दिसायला सारखेच, पण लेटर थोडा रुंद आणि बराच बुटका. फाइल लेटरची आणि ट्रेमध्ये ए-फोर असेल तर काही प्रिंटर काम अडवून ठेवतात. जुन्या एचपी लेझरजेटवर तेव्हा ‘पीसी लोड लेटर’ असा संदेश यायचा. त्यातला पीसी म्हणजे संगणक नव्हे, तर ‘पेपर कॅसेट’: कागदाच्या खणात लेटर आकाराचा कागद घाला. हा संदेश इतका डोकेदुखीचा ठरला की १९९९ च्या ‘ऑफिस स्पेस’ या हॉलिवूडपटात तो विनोदाचा विषय झाला.

‘फिट टू पेज’ हा पर्याय मदत करतो असे वाटते, पण तो पान गुपचूप लहान करतो. पत्र असेल तर कुणाला कळतही नाही. लग्नपत्रिकांवरच्या पत्त्यांची चिकटपट्टी असेल, तर पान तीन टक्के लहान झाल्याने वरच्या आणि खालच्या ओळी चार-साडेचार मिमी सरकतात आणि पत्ते कापल्या रेघेवर येतात. जिथे माप महत्त्वाचे, तिथे ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडावे.

पाठपोट छपाईत ‘लाँग एज’ म्हणजे पुस्तकासारखे उलटणारे पान, ‘शॉर्ट एज’ म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे वर उलटणारे. हा पर्याय चुकला की मागचे पान उलटे. ‘कोलेट’ म्हणजे पाच प्रती हव्या असतील तर प्रत्येक प्रत क्रमवार लावून मिळणे. तो बंद असला तर पहिल्या पानाच्या पाच, मग दुसऱ्याच्या पाच.

मराठी बिल छापताना प्रश्नचिन्हे का?

किराणा दुकानात, उपाहारगृहात निघणारी चिंचोळी पावती थर्मल प्रिंटरची. यात शाई नसते. कागदावरचा लेप उष्णतेने काळा पडतो. म्हणूनच अशी पावती उन्हात किंवा गाडीच्या काचेपाशी ठेवली की पुसट होते. वॉरंटीची पावती असेल तर त्याच दिवशी तिचा फोटो काढलेला बरा.

या प्रिंटरची भाषा बहुधा एप्सनच्याच घराण्यातली, ‘ईएससी/पॉस’. पावती कापण्याचीही त्यात कमांड आहे. गल्ल्याचा खण ‘टण्ण’ करून उघडतो तोही संगणकामुळे नव्हे, प्रिंटरमुळे: खणाची वायर प्रिंटरला जोडलेली असते आणि एस्केपच्या पुढे छोटा ‘पी’ आला की प्रिंटर तिकडे विजेचा झटका पाठवतो.

५८ मिमीच्या कागदावर छपाईची जागा ४८ मिमी, म्हणजे ३८४ ठिपके. त्यात साध्या आकाराची ३२ रोमन अक्षरे बसतात. या अक्षरांचे साचे प्रिंटरच्या पोटातच असतात. सॉफ्टवेअरने ३२ बाइट पाठवले की ओळ तयार. स्वस्त प्रिंटरच्या पोटात देवनागरीचे साचे सहसा नसतात. मग ‘साखर’ ऐवजी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन उमटतात.

नुसते साचे भरूनही भागणार नाही. ‘कोथिंबीर’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी संगणकात ‘थ’ नंतर साठवलेली असते, पण दिसायला हवी त्याच्या आधी. ‘अर्धा’मधला र धा’च्या डोक्यावर चढतो. ‘ज्वारी’त ज अर्धा होतो. बाइटमागे एक साचा छापणाऱ्या यंत्राला ही जोडाजोड करता येत नाही.

हा प्रश्न नवा नाही. डॉसच्या काळात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने भारतीय लिप्यांची ही जोडाजोड संगणकावर शक्य केली. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ‘इस्की’ संकेतप्रणाली आली. आज युनिकोडमुळे साठवण्याचा प्रश्न सुटला आहे. छपाईसाठी मात्र बिलाचे ॲप मराठी ओळ आधी फोनमध्येच जुळवते, तिचे चित्र करते आणि ते चित्र ठिपक्यांच्या रूपात प्रिंटरला पाठवते.

त्याची किंमत वेळात मोजावी लागते. २४ ठिपके उंचीची एक ओळ चित्र म्हणून पाठवायची तर १,१५२ बाइट लागतात, म्हणजे ३२ रोमन अक्षरांच्या ३६ पट. वेलांटी-उकारांसाठी जास्त उंची सोडावी लागते ती वेगळी. ब्लूटूथवर चालणारा छोटा प्रिंटर मराठी बिल छापताना अडखळत, थांबत-थांबत चालतो तो यामुळे. त्यावर काही ॲपमध्ये मधला मार्ग असतो: वस्तूंची नावे चित्ररूपात आणि दर, वजन, रक्कम प्रिंटरच्या स्वतःच्या अंकांत.

त्यामुळे असा प्रिंटर घेताना डब्यावर ‘सर्व भाषा’ असे छापले आहे का, यापेक्षा तो आपल्याच बिलाच्या ॲपशी दुकानात जोडून पाहावा. नमुन्याला ‘अर्धा किलो खाऱ्या शेंगा, ज्वारीचे पीठ, कोथिंबीर’ ही ओळ पुरेशी आहे. तिच्यात रफार, जोडाक्षर, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्या’ हे सगळे येते.